मास्क लावून शिकवताना मुलांना नीट ऐकू येत नाही? दोष कुठे आहे ते आधी शोधा

लक्षण साधारण असं असतं. तुम्ही "दूर" सांगता, वहीत "धूर" येतो. "साठ" सांगितले की अर्धा वर्ग "सात" लिहून मोकळा होतो. मागून कोणीतरी म्हणतं, "बाई, ऐकायलाच येईना." मग तुम्ही आवाज चढवता, जेवणाच्या सुट्टीपर्यंत घसा बसतो आणि दुसऱ्या दिवशी वहीत पुन्हा तेच.

कोविड मागे पडला तरी ही तक्रार कर्नाटकातल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी शाळांत पावसाळ्यात आणि थंडीत हटकून डोकं वर काढते. तापाच्या साथीत बाई आठवडाभर मास्क लावतात. कोणाच्या घरी आजारी म्हातारं माणूस असतं. निपाणीकडे तंबाखूच्या वखारीजवळ शाळा असेल आणि सरांना ती धूळ सोसत नसेल, तर मास्क बारमाही. कारण कुठलंही असो, वर्गात अडतं एकाच जागी, आणि त्यावर बहुतेक जण करतात तेही एकच: मोठ्याने बोलतात. बिघडतं ते तिथेच.

मोठ्याने बोलताना आपण ताणतो ते स्वर. आ, ई, ऊ भरघोस होतात. पण "दूर" आणि "धूर" यांत ऊ सारखाच आहे. फरक आहे तो ध सोबत सुटणाऱ्या श्वासात. स, श, छ, ख, फ, थ या सगळ्यांची ओळख वरच्या पट्टीतल्या बारीक आवाजात असते, ढोबळमानाने २००० हर्ट्झच्या वर. मास्क नेमकी हीच पट्टी गाळतो. खालच्या पट्टीतले स्वर त्यातून जवळजवळ जसेच्या तसे पार होतात. म्हणून तुम्ही ओरडलात की मुलांना स्वर दणदणीत ऐकू येतात आणि व्यंजनं पहिल्याइतकीच पुसट राहतात. वर्ग म्हणतो "आवाज येतोय, कळत नाही", त्याचा अर्थ हा.

दुसरं नुकसान डोळ्यांचं आहे. आपण सगळेच थोडंफार ओठ बघून ऐकत असतो, मुलं तर जास्तच. "मळ" आणि "नळ" कानाला जवळचे आहेत. म ला ओठ मिटतात, न ला मिटत नाहीत, एवढं दिसलं की प्रश्न संपतो. मास्कमागे ते दिसतच नाही.

आधी तपासणी

उपाय करण्याआधी एक श्रुतलेखन घ्या. शब्दांच्या जोड्या निवडा: बाग–भाग, दार–धार, ताट–थाट, जाड–झाड, साल–शाल, मळ–नळ, माती–नाती, गर–घर, काल–खाल, पळ–फळ. जोडीतले शब्द लागोपाठ सांगू नका, उलटसुलट मिसळा. नाहीतर हुशार पोरं अंदाजाने लिहितात. एकदा फळ्याजवळ उभं राहून मास्क लावून सांगा. दुसऱ्या दिवशी मुलांना पटांगणात नेऊन, अंतर राखून, मास्क खाली घेऊन तेच शब्द वेगळ्या क्रमाने सांगा. तापाने तुम्हीच फणफणला असाल तर हे दुसरं श्रुतलेखन दुसऱ्या शिक्षकांना घेऊ द्या.

आता वह्या तपासताना गुण देऊ नका. कोण कुठे बसलं होतं त्याप्रमाणे वह्या मांडा आणि चुका बघा.

सगळ्या बाकांवर भ–ब, श–स अशाच चुका असतील आणि पटांगणात त्या गळून पडल्या असतील, तर दोष मास्कचा. पुढचे बाक बरोबर आणि मागचे चूक असतील, तर दोष अंतराचा किंवा गोंगाटाचा. मास्कने त्यात फक्त भर घातली. एखाद्याच मुलाची वही दोन्ही वेळा चुकलेली असेल तर गोष्ट वेगळी, तिच्याकडे शेवटी येतो.

मास्क कोणता

२०२० मध्ये ठिकठिकाणी झालेल्या मोजमापांत साधा तीनपदरी सर्जिकल मास्क वरच्या पट्टीतला आवाज ३ ते ४ डेसिबलने कमी करतो असं दिसलं. एन-९५ मध्ये ही घट १२ डेसिबलपर्यंत जाते. कापडी मास्कचा भरवसा नाही. विरळ विणीचा ठीक, पण जाड, घट्ट विणीचे दोन-तीन पदर शिवले असतील तर तो एन-९५ इतकाच आवाज दाबतो आणि संरक्षण मात्र तेवढं देत नाही. त्यामुळे सर्दी-तापापुरता मास्क असेल तर सर्जिकल पुरे. धुळीसाठी किंवा घरातल्या नाजूक रुग्णासाठी एन-९५ हवाच असेल तर तो वापरा, पण मग पुढे सांगितलेलं बाकीचं जास्त काटेकोरपणे करावं लागेल. झडप असलेला मास्क धुळीला चालतो. तुम्हालाच ताप असेल तर नाही, कारण तुमचा श्वास त्या झडपेतून न गाळता बाहेर येतो.

पारदर्शक प्लास्टिकचे मास्क आणि तोंडासमोरच्या काचा यांचं कौतुक फार झालं. ओठ दिसतात हे खरं, पण आवाज सगळ्यांत जास्त तेच अडवतात. वर्गात कमी ऐकू येणारं, ओठ वाचणारं मूल असेल तर पारदर्शक मास्क घ्या आणि सोबत माइक लावा. तसं मूल नसेल तर माझ्या मते तो पैसा वाया.

बोलता बोलता मास्क नाकावरून घसरतो त्याचं कारण जबड्याची हालचाल. नावेच्या आकाराचे, पुढे जागा सोडणारे मास्क कमी घसरतात आणि ओठांना चिकटत नाहीत, त्यामुळे उच्चारही मोकळे होतात. कानातल्या दोऱ्यांपेक्षा डोक्यामागून जाणारा पट्टा बरा; दिवसभर कान दुखत नाहीत.

अंतर

मोकळ्या जागेत बोलणारा आणि ऐकणारा यांतलं अंतर निम्मं केलं की आवाज ६ डेसिबलने वाढतो. खोलीत भिंतींवरून परतणाऱ्या आवाजामुळे फायदा थोडा कमी मिळतो, तरी सर्जिकल मास्कची घट त्यात बऱ्यापैकी भरून निघते, घशाला एक पैशाचाही ताण न देता. म्हणजे सहा मीटरवरचा मागचा बाक तीन मीटरवर आणा. आपल्या मराठी शाळांचा पट घसरलाय हे दुःख आहेच, पण त्याचा एवढा तरी उपयोग करून घ्या: मागचे बाक रिकामे सोडा, मुलांना पुढे घ्या, तीन बाजूंनी बसवा आणि स्वतः मधे उभे राहा. पहिली ते तिसरीच्या नली-कलीच्या (खेळत, गटात शिकण्याच्या पद्धतीच्या) वर्गात मुलं गटात बसलेलीच असतात. तिथे सगळ्या खोलीला एकदम सूचना देणं बंद करा आणि एकेका गटाजवळ जाऊन सांगा.

फळ्याकडे तोंड करून बोलणं पूर्ण थांबवा. वरच्या पट्टीतला आवाज तोंड जिकडे असेल तिकडेच जातो, पाठीमागे फारसा येत नाही. मास्क आणि वर पाठ म्हणजे मुलांच्या हाती नुसते स्वर. आधी लिहा, मग वळा, मग बोला. या एका सवयीने जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या वस्तूंनीही पडत नाही.

गोंगाट आणि घुमणं

खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पत्र्याच्या छपराखाली शिकवणाऱ्यांना हे सांगायला नको. पावसाची सर आली की मास्क असो नसो, बोलणं बंदच करावं लागतं. अशा वेळी झगडू नका. लेखनकाम, चित्रं, फळ्यावरची उदाहरणं त्या वेळेसाठी राखून ठेवा आणि सर ओसरली की तोंडी काम घ्या. वडगाव-खासबागेत शेजारी यंत्रमाग असतील तर त्यांची खडखड सकाळी कधी सुरू होते हे तुम्हाला ठाऊक असतंच. वाचन आणि श्रुतलेखन त्याआधीच्या तासाला टाका. हायवेलगतच्या शाळांत रस्त्याच्या बाजूच्या खिडक्या लावून व्हरांड्याकडच्या उघड्या ठेवा. सगळ्याच खिडक्या लावू नका. साथीच्या दिवसांत वारा खेळता असणं मास्कइतकंच गरजेचं आहे.

रिकाम्या भिंती, सिमेंटची जमीन आणि वर पत्रा अशा खोलीत आवाज घुमतो आणि एका शब्दाचं शेपूट दुसऱ्याच्या डोक्यावर बसतं. मागच्या भिंतीवर जुनी सतरंजी किंवा घोंगडं टांगा, नाहीतर गोणपाट. दिसायला बरं नाही, मान्य. त्यावर मुलांची चित्रं टाचली की अधिकारीही काही बोलत नाहीत.

२०२० च्या ऑगस्टमध्ये कर्नाटकात विद्यागम, म्हणजे शाळा बंद असताना मुलांच्या वस्तीत जाऊन शिकवणं, सुरू झालं तेव्हा देवळाच्या कट्ट्यावर, झाडाखाली वर्ग भरले. तिथे घुमण्याचा त्रास नव्हता, पण आवाज परतवायला भिंतही नव्हती. आजही वर्ग बाहेर घेणार असाल तर पाठ भिंतीला लावून उभे राहा, मुलं समोर अर्धवर्तुळात.

आकडे

मराठी आकडे मास्कमध्ये फार गोंधळ घालतात. सात–साठ, सदुसष्ट–अडुसष्ट, सत्तावीस–अठ्ठावीस, बासष्ट–बाहत्तर, एकोणसाठ–एकोणसत्तर. मागचा-पुढचा संदर्भ नसल्याने मुलाला अंदाजही करता येत नाही. २०१९ मध्ये महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणितात "वीस एक, वीस दोन" आलं तेव्हा केवढा वाद झाला होता. आपली पुस्तकं कर्नाटकची, त्या वादाशी आपला संबंध नाही, पण मास्क लावलेल्या माणसाने ती युक्ती खुशाल उचलावी: "अडुसष्ट. साठ आणि आठ." आणि लगेच आकडा फळ्यावर. पाढे म्हणून घेताना बोटांनी दशक दाखवा. तोंडी गणितात आकडा एकदाच सांगण्याचा जुना शिरस्ता या दिवसांत गुंडाळून ठेवा.

कन्नड आणि इंग्रजीचा तास

खरी अडचण इथे आहे, आणि तिच्याबद्दल सगळ्यांत कमी बोललं जातं.

मराठीत अर्धा शब्द गाळला गेला तरी मूल वाक्यावरून तो भरून काढतं. "आईने पोळी तव्यावर भा..." एवढं ऐकलं की पुढचं त्याला माहीत असतं. घरी मराठी बोलणाऱ्या, गल्लीत कन्नड कमी ऐकणाऱ्या मुलाला कन्नडच्या तासाला हा आधार नसतो. त्यात कन्नड व्याकरणाचा सगळा जीव शब्दाच्या शेवटात असतो. बंदनु म्हणजे तो आला, बंदळु म्हणजे ती आली, बंदरु म्हणजे ते आले. बोलताना शेवटचं अक्षर आपण नकळत सोडून देतो, मास्क उरलेलं गिळतो, आणि मुलाच्या कानावर तिन्ही वेळा नुसतं "बंद" पडतं. मग परीक्षेत लिंगवचनाच्या चुका दिसल्या की आपण म्हणतो, पोराचं कन्नड कच्चं आहे.

यावर जमणारी पद्धत अशी. शेवटचं अक्षर ओढून किंवा ओरडून सांगू नका; त्याआधी किंचित थांबा. "बंद… नु. बंद… ळु." त्यासोबत हाताची खूण ठरवून घ्या: नु ला एका मुलाकडे हात, ळु ला मुलीकडे, रु ला दोन्ही हात पसरून. खुणा मुलांनीच ठरवल्या तर दोन दिवसांत पाठ होतात. अवनु–अवळु ला त्याच खुणा चालतात. आकड्यांत इप्पत्तु–एप्पत्तु, म्हणजे वीस आणि सत्तर, आणि एप्पत्तु–एंबत्तु, म्हणजे सत्तर आणि ऐंशी, या जोड्या हमखास फसतात. इप्पत्तुच्या इ ला ओठ ताणले जातात ते दिसत नाही, एंबत्तुच्या म ला ओठ मिटतात तेही दिसत नाही. नोटांची चित्रं किंवा आकड्यांची कार्डं हातात धरूनच हे शब्द उच्चारा. नवा शब्द आधी कार्डावर दाखवायचा, मग म्हणायचा, मग मुलांनी म्हणायचा. मास्क नसताना क्रम उलटा असतो, आधी कानाने आणि मग डोळ्याने. या दिवसांत तो फिरवावाच लागतो.

इंग्रजीत मार बसतो तो स वर. बुक आणि बुक्स, कॅट आणि कॅट्स यांत अनेकवचनाचा सगळा भार त्या एका स वर आहे, आणि स हा सगळ्यांत वरच्या पट्टीतला आवाज. बोट वर करून दाखवा, एक की अनेक. कॅप, कॅट, कॅच असे शेवटच्या व्यंजनावर उभे असलेले शब्द तोंडी परीक्षेला ठेवूच नका. चित्रावर बोट ठेवायला सांगा.

मुलांच्या उत्तरांचंही तसंच. मुलाने मास्क लावला असेल आणि त्याचं कन्नड उत्तर तुम्हाला चुकीचं वाटलं, तर लगेच दुरुस्त करू नका. फळ्यावर लिहायला लावा. पुष्कळदा उत्तर बरोबर असतं, ऐकण्यात आपण कमी पडलेले असतो. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्क लावू नये, असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने जून २०२१ मध्येच सांगितलं होतं. अंगणवाडीत तो आग्रह अजून कोणी धरत असेल तर सोडून द्यावा.

माइक

पट मोठा असेल, एन-९५ टाळता येत नसेल, किंवा घसा आधीच बिघडला असेल तर कमरेला लावायचा चार्जिंगचा छोटा स्पीकर आणि डोक्याला अडकवायचा माइक घ्या. माइक मास्कच्या बाहेर, ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटांवर. आत घातला तर वाफ धरते आणि प, फ ला फटफट आवाज येतो. शिट्टी वाजायला लागली तर स्पीकर कमरेवरून काढून मधल्या बाकावर ठेवा, तोंड मागच्या मुलांकडे; माइक आणि स्पीकर एकमेकांसमोर आले की शिट्टी वाजणारच. जाड आवाज कमी आणि पातळ आवाज जास्त करायचं बटण असेल तर तेच फिरवा, कारण मास्कने खाल्लेलं तेच आहे. आवाज इतकाच ठेवा की मागच्या बाकाला तुम्ही शेजारी बसून बोलताय असं वाटावं. दोन वर्गांत नुसता लाकडी पडदा असेल तर शेजारच्या बाईंना विचारल्याशिवाय हे यंत्र आणूच नका. पैशाचा विषय एसडीएमसीच्या, म्हणजे शाळा विकास समितीच्या, बैठकीत घ्या. घशाच्या तक्रारीपेक्षा "मुलांना ऐकू येत नाही" असं मांडलं की लवकर मंजूर होतं.

घसा

एका दमात बोलायची वाक्यं लहान करा. मास्कमध्ये लांब वाक्य संपता संपता श्वास कमी पडतो आणि आपण घशावर जोर देतो. वर्ग शांत करायला ओरडण्याऐवजी घंटा किंवा ठरलेली टाळी वापरा. पाणी घोट-घोट दिवसभर प्या. मास्क खाली घ्यायचा कंटाळा येतो म्हणून सकाळपासून पाणीच न पिणारे शिक्षक खूप आहेत. घसा बसला की कुजबुजत शिकवणं हा आराम समजू नका, त्यानेही ताण पडतो. सारखं खाकरणंही टाळा. आवाजातला घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा; शिक्षकांच्या स्वरतंतूंवर गाठी येणं ही काही नवलाची गोष्ट नाही.

चष्म्यावर वाफ येत असेल तर मास्कची नाकावरची तार दोन्ही बोटांनी नीट दाबा, तरीही येत असेल तर वरच्या कडेला डॉक्टरी चिकटपट्टीचा तुकडा. मास्क ओला झाला की बदला. बोलणाऱ्या माणसाचा मास्क गप्प बसलेल्यापेक्षा फार लवकर भिजतो, म्हणून दुपारसाठी दुसरा जवळ असू द्या. खानापुरात जून-जुलैत कापडी मास्क वाळतच नाहीत, कुबट वास धरतात, इस्त्री फिरवा.

एकच मूल पुन्हा पुन्हा चुकत असेल तर

श्रुतलेखनात मास्क असताना आणि नसतानाही चुकलेली ती वही आता बाहेर काढा. मुलाला पुढे बसवून पुन्हा एकदा तेच शब्द सांगा. तरी चुकलं तर त्याला सर्दी आहे का, कान वाहतो का, झोपेत तोंडाने श्वास घेतं का, हे आईला विचारा. सर्दीने कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं की काही आठवडे ऐकू कमी येतं आणि घरच्यांना ते हट्टीपणा वाटतो. असं मूल आतापर्यंत तुमच्या ओठांकडे बघून निभावून नेत होतं आणि मास्कमुळे ते उघडं पडलं, असंही होतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं तेव्हा त्या मुलाचं नाव आणि दोन्ही वह्या त्यांच्यापुढे ठेवा. पथक यायला अवकाश असेल तर थांबू नका. पालकांना प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा आणि तिथून बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात कानाच्या तपासणीसाठी चिठ्ठी घ्यायला सांगा.